दिवाळीनंतर गंगवालला उतरणाऱ्या मुलांसाठी: इंदुरातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

इंदुरातील समस्त मराठी मंडळं, गणेशोत्सव समित्या आणि भगिनी मंडळं यांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

यंदाची वर्गणी जमायला लागली असेल. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम गेली असेल, आणि महाप्रसादाला मसालेभात ठेवायचा की पुरी-भाजी, गोडात जिलबी की नुक्ती, यावर एखादी बैठक वादात संपलीही असेल. पुढच्या बैठकीत पाच-दहा मिनिटं या पत्राला मिळावीत, म्हणून ते उत्सवाच्या आधीच लिहिते आहे. उत्सव झाला की सगळे हिशेबात गुंततात. आमच्या यजमानांनी कॉलनीच्या मंडळाची खजिनदारी बरीच वर्षं केली, त्यामुळे ते दिवस मी घरात बसून पाहिले आहेत.

मी महिला व बालविकास विभागात पर्यवेक्षिका होते. अंगणवाड्यांची रजिस्टरं तपासायची, मुलांची वजनं पडताळायची, कार्यकर्तींच्या अडचणी वर पोचवायच्या आणि वरचे फतवे खाली पोचवायचे, हे माझं काम. आता निवृत्त आहे. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांना जे सांगायचं ते हिंदीत लिहून दिलं, पोच फाइलीला लावली. तुम्हाला मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. धान्य मागत नाही, पैसाही फारसा मागत नाही. माणसं मागते आहे. लिहिता-वाचता येणारी, दुपारी मोकळी असणारी आणि कचेरीत गेली की ज्यांना 'बैठिए मॅडम' म्हणतात अशी माणसं. आपल्या मंडळांत ती भरपूर आहेत.

दिवाळी झाली की गंगवाल बसस्टँडवर झाबुआ, अलीराजपूर, धारकडच्या बसमधून भील-भिलाला कुटुंबं उतरू लागतात. डोक्यावर पोतं, पोत्यात मक्याचं पीठ आणि दोन पातेली, कडेवर मूल. होळीच्या आधी भगोरियाचे हाट भरतात तेव्हा ती गावी जातात, सण झाला की परत येतात, आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा गाव गाठतात. बायपासच्या पलीकडच्या इमारती, सुपर कॉरिडॉरवरचे मनोरे, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मुलांनी कर्ज काढून घेतलेले फ्लॅट यांच्याच हातांनी उभे राहतात. हे तुम्हाला नवीन नाही. पण ही मंडळी आता पूर्वीपेक्षा लवकर येतात आणि मुलांसकट येतात, तिकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे.

त्याचं कारण पावसात आहे. आपल्या माळव्याची जमीन काळी आणि खोल. तिकडची टेकड्यांच्या उतारावरची, उथळ, मुरमाड. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ताण दिला तर आपल्याकडे जमिनीत ओल राहते आणि सोयाबीन कसंबसं तगतं. तिकडचा मका नेमका तुरा येण्याच्या सुमाराला करपतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मग सप्टेंबरच्या मध्यावर असा कोसळला की नर्मदेला पूर आला. एकाच हंगामात दोन्ही. अशा वर्षी घरची कोठी भरत नाही. पूर्वी नवरा-बायको कामाला येत आणि मुलं गावी आजीपाशी राहत. आता आजीपाशी ठेवायला मूल आहे, पण त्याला घालायला मका नाही, म्हणून मूलही बसमध्ये चढतं. खेड्यातला दुष्काळ शहरात येतो तो असा. आपल्याला मात्र वाटतं की या लोकांना मुलं घेऊन फिरायची सवयच आहे.

तापमानाचा फटका तर थेट शिध्याच्या पिशवीत बसला आहे. २०२२ चा मार्च हा तेव्हापर्यंतच्या नोंदीतला देशातला सर्वांत उष्ण मार्च. गव्हाचा दाणा भरायच्या वेळी झळा लागल्या, दाणा बारीक राहिला, १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली, आणि त्याच महिन्यात बऱ्याच राज्यांच्या मोफत शिध्यातला गहू कापून तांदूळ वाढवला गेला. आपलं राज्यही त्यात होतं. तुमच्या-माझ्या घरी त्याची खबरही लागली नाही. शरबती गहू चार रुपयांनी महागला, एवढंच. पण ज्या घरात रोटला हेच जेवण, तिथे तांदूळ म्हणजे लवकर भूक लागणारं अन्न, असं बायाच सांगतात. त्यातला काही मग परत दुकानातच विकला जातो आणि त्या पैशाचं तेल-मिरची येतं.

आणि पत्र्याची खोली. मे महिन्यात दुपारी तिच्यात पाच मिनिटं बसून बघा, म्हणजे मूल जेवत का नाही ते कळेल. उन्हाने भूक मरते, टँकरच्या पिंपातलं पाणी पिऊन जुलाब लागतात, जुलाबात वजन उतरतं, आणि उतरलेलं वजन भरून यायला रोज चांगलं खाणं लागतं. ते नसतं. सकाळचा रोटला संध्याकाळपर्यंत पुरवायचा तर तो त्या उष्म्यात आंबूस होतो. आई तो टाकत नाही, टाकणं तिला परवडत नाही. पुन्हा जुलाब.

गेल्या उन्हाळ्यात बायपासलगतच्या एका कामावर गेले होते. दुपारची वेळ. लाकडी बल्ल्यांना जुन्या साडीची झोळी, तिच्यात एक तान्हं, आणि खाली सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर सात-आठ वर्षांची मुलगी दीड-दोन वर्षांच्या भावाला काळ्या चहात बुडवून रोटल्याचा तुकडा भरवत होती. माझ्या पिशवीत कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी अजून असते, सवय सुटत नाही. डावा हात मोकळा सोडायचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी फिरवायची, आवळायची नाही. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याच्या खाली लाल. पट्टी पिवळ्यात थांबली, लालच्या इतकी जवळ की मी दुसऱ्यांदा लावून पाहिली. मुलगी विचारते, 'ताप है क्या इसको?' तिला वाटलं तो थर्मामीटरचा प्रकार. ताप नव्हता. नुसतं मूल होतं, आणि मूल असं शांत बसत नसतं.

आई वरच्या मजल्यावरून उतरली, कोपरापर्यंत सिमेंट. गावच्या अंगणवाडीत नाव होतं, दीदी पाकीट द्यायची, म्हणाली. इथे? 'यहाँ हमारा नाम नहीं है.' आणि अंगणवाडी रस्ता ओलांडला की होती. खिचडीचा वास कामावर येत असेल इतकी जवळ.

इथे मी कोणाला खलनायक करणार नाही. नियम काय सांगतो? स्थलांतरित मुलाला जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत लाभ द्यावा. पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये तशी नोंद करायची सोय आहे. मुलाचं आधार लागत नाही, आईचं पुरतं. मग अडतं कुठे? कार्यकर्तीच्या बाजूने बघा. तिच्याकडे जेवण पुरवणाऱ्या बचत गटाचं माप ठरलेल्या संख्येवर असतं. अचानक नऊ मुलं वाढली तर पहिल्या महिन्यात आहे त्यातच भागवायचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचं घरी न्यायचं पाकीट, म्हणजे टीएचआर, द्यायला १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली, आणि आई तर अंगणवाडी उघडी असते त्या वेळात विटा वाहत असते. मुलाचं नाव चढवलं, आणि भगोरियाला ते गायब झालं, की पुढच्या महिन्याच्या वजन-नोंदीत तिचा टक्का घसरतो आणि माझ्यासारखी कोणीतरी तिला जाब विचारते. त्यापेक्षा 'गाँव में नाम है ना, वहीं मिलेगा' म्हणणं सोपं. मी त्या व्यवस्थेत होते, मला तिची अडचण कळते. मूल मात्र दोन अंगणवाड्यांच्या मधल्या फटीत पडतं: गावच्या रजिस्टरात नाव आहे पण तोंड नाही, इथे तोंड आहे पण नाव नाही.

रेशनची गोष्टही अशीच. २०१३ च्या कायद्याने पात्र घराला माणशी महिना ५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पात्रता पर्ची, म्हणजे रेशनची चिठ्ठी, गावच्या कंट्रोलची (रेशन दुकानाची) असली तरी राज्यातल्या कोणत्याही कंट्रोलवर अंगठा लावून धान्य उचलता येतं. सगळं एकदम उचलायचीही सक्ती नाही. आपल्या वाट्याचं इथे घ्यावं, उरलेलं गावी म्हाताऱ्यांनी घ्यावं, अशी तरतूद आहे. किती घरांना हे माहीत आहे? ज्यांना माहीत आहे त्यांना 'स्टॉक खतम, पहले अपने कार्डवाले' हे ऐकावं लागतं. मग समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), ई-केवायसी, कोणाचं तरी नाव कटलेलं, बोटांच्या रेषा सिमेंटने झिजलेल्या म्हणून मशीन अंगठा घेत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं आणि रिकाम्या पिशवीने परतायचं, हे कोण दोनदा करेल?

आता माझं म्हणणं. तीच बाई एकटी गेली की 'अगले महीने आना'. तिच्याबरोबर चष्मा लावलेली, हातात वही असलेली एक मराठी मावशी उभी राहिली की मशीन चालू होतं. हे बरं नाही, पण आहे हे असं आहे, आणि मी ते इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याचा राग धरण्यापेक्षा उपयोग करावा असं वाटतं. आपल्या मंडळांचा शहरात दबदबा आहे. वॉर्डाचा पार्षद आरतीला येतो. नळाची लाइन फुटली तर एका फोनवर माणूस येतो. तो एक फोन वर्षातून चार वेळा या मुलांसाठी करा, एवढं मागणं.

'हे सरकारचं काम आहे' असं कोणी बैठकीत म्हणेलच. आहेच. पण आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं ते कसं, आठवून बघा. कचरा वेगळा करण्याचे नियम आधीही होते. मोहल्ल्यातली माणसं, संस्थांचे कार्यकर्ते सकाळी गाडीमागे चालू लागले, दारात उभं राहून समजावू लागले, तेव्हा नियम चालायला लागले. आज देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा जिरवण्याची आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली होती. ज्या शहराने घराघरातून केळीची सालं आणि डायपर वेगळे मागून घेतले, रोजच्या कचऱ्याचं वजन लिहून ठेवलं, त्याला एका कामावर पाच वर्षांखालची मुलं किती आहेत हे मोजता येणार नाही, हे मला कोणी पटवून द्यावं.

आता थोडं कडू. भंडारे. रागवू नका, मीही पंगतीत वाढलेलं आहे. पण वर्षातून एकदा दुपारी दोन वाजता चार पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि द्रोणभर नुक्ती, याने त्या पिवळ्या पट्टीच्या मुलाचं काही होत नाही. कित्येकदा उलट होतं, इतक्या तेलाची त्याच्या पोटाला सवयच नसते. अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलाचं २०१३ च्या कायद्यातलं मूळ माप रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं, वर्षाचे ३०० दिवस. त्यासाठी २०१७ साली ठरवलेला दर दिवसाला ८ रुपये. वर्षाचे २,४०० होतात. तेवढ्यात काय शिजतं ते स्वैपाकघरातल्या माणसाला सांगायला नको, पण ते रोज मिळतं, यातच त्याची किंमत आहे. अन्नदान करायचंच असेल तर या ८ रुपयांत भर घाला. शेंगदाणा-गुळाचे लाडू, फुटाणे, केळं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, आणि लाडू उन्हाळ्यातही आठवडाभर टिकतात. भगिनी मंडळांना याची कृती मी काय सांगणार!

अंड्याचं मी मुद्दाम काढत नव्हते, पण निघालंच आहे तर सांगते. २०१५ साली राज्य सरकारने अंगणवाडीत अंडं द्यायला नकार दिला. झाबुआ हे कडकनाथ कोंबडीचं माहेर. तिथल्या घरात अंडं निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ते आपल्याकडे. ज्याने खायचं त्याला विचारलंच नाही. मंडळाच्या नावाने अंडी वाटा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर पत्र इथेच फाटेल. एवढंच, की कोणी देत असेल तर आडवे येऊ नका.

दुसरी गोष्ट स्मरणिकेची. तुमच्या स्मरणिकेच्या मागच्या पानावर, रंगीत, कोणाची जाहिरात असते? बिल्डरची. त्यांच्यापैकी काही आपलेच आहेत, देशस्थ-कोकणस्थ-मराठा सगळे आले त्यात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने घालून दिलेला नियम असा होता की ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. कागदावर बायका पन्नासच्या आत कशा राहत आल्या ते मी सांगायला नको. ठेकेदार तीन, प्रत्येकाचं हजेरीपुस्तक वेगळं. एक सावलीची खोली, एक पंखा, स्वच्छ पाण्याचा माठ आणि कामावरच्याच दोन बाया मजुरीवर मुलं सांभाळायला, यात त्या इमारतीच्या खर्चाच्या मानाने काही जात नाही. सात वर्षांची ती मुलगी शाळेत जाऊ शकते, हा त्यातला नफा. जाहिरातीचे पैसे घेताना एवढं विचारायला काय हरकत आहे? फ्लॅट घेणाऱ्यांनीही विचारावं. टाइल्स इटालियन आहेत का ते विचारतोच की आपण.

ज्वारीबद्दल थोडक्यात, कारण तो माझा आवडता विषय आहे आणि मी वाहवत जाते. आपल्या आजीच्या काळी माळव्यात ज्वारी-मका होताच. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि खरीप बहुतेक त्याचाच झाला. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथेच खंडवा रोडला, आणि तरी ते आपल्या लोकांच्या पोटात फारसं गेलं नाही. तेल निघालं, पेंड कोंबड्यांना आणि परदेशी गेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदळातली प्रथिनं, लोह आणि जस्त घटतात, ज्वारी-मक्यावर तो परिणाम तितका दिसत नाही. शिवाय ती कमी पाण्यात येतात. अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचीही जागा ठेवलेली आहे, मूळ दर रुपया किलो होता. ते कंट्रोलवर नियमित यावं हे मी सरकारला लिहिलं आहे. तुम्ही एवढं करा: महाप्रसादातलं एक जेवण ज्वारीच्या भाकरीचं, नाहीतर मक्याच्या राबडीचं ठेवा, आणि धान्य झाबुआ-अलीराजपूरच्या बचत गटांकडून घ्या. भुट्ट्याचा कीस आपण सराफ्यात रात्री बारा वाजता उभं राहून खातो, मग मका पंक्तीला का चालू नये?

आपल्यातले काही जण विचारतील की हे आपल्या समाजाचे कुठे. होळकरांच्या फौजेबरोबर आणि नंतर नोकरीच्या मागे आपणही इथे आलोच ना. कोणाच्याही खापरपणजोबांना समग्र आयडी मागितल्याचं ऐकिवात नाही. ३१ मे २०२५ ला अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती आपण थाटात केली, भाषणांत त्यांच्या अन्नछत्रांचा उल्लेख सगळ्यांनी केला. त्याहून जास्त मी यावर बोलणार नाही.

आणखी एक शंका, ती मात्र रास्त आहे: ही मुलं चार महिन्यांत निघून जातात, मग आपण केलेलं वाहून जाणार नाही का? गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजारेक दिवस असतात, त्यात जे राहून जातं ते पुढे पूर्ण भरून निघत नाही. त्यातले चार महिने इंदुरात गेले तर ते इंदूरचेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. त्याच्या आधीच्या फेरीत ती ४२ टक्के होती. म्हणजे सुधारतं, हाताला यश येतं. त्या सहा टक्क्यांत माझ्या कार्यकर्तींचे पाय झिजलेले आहेत. रक्तक्षय मात्र हटायला तयार नाही, शंभरातल्या बहात्तर-त्र्याहत्तर मुलांना आहे.

तर काम असं. प्रत्येक मंडळाने आपल्या भागातलं एकच बांधकाम घ्यावं, दोन नकोत. कोजागिरीच्या दुधाच्या वेळी दोन-तीन माणसं ठरवावीत, शक्यतो निवृत्त आणि शक्यतो एक तरी बाई. दिवाळीनंतर कामावर जाऊन सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका वहीत लिहाव्यात: नाव, गाव, गावची अंगणवाडी, आईचं आधार. मग ती यादी घेऊन जवळच्या अंगणवाडीत जावं, कार्यकर्तीला दम न देता. तिला सांगावं की पहिल्या महिन्याची तूट मंडळ लाडू-केळ्यांनी भरून काढेल, आणि कुटुंब गावी गेलं की आम्ही कळवू, म्हणजे तुमची नोंद बिघडणार नाही. या दोन वाक्यांवर ती निम्मी तुमच्या बाजूची होईल. पट्टी लालमध्ये गेलेलं मूल दिसलं तर लाडू नाहीत, थेट पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे एनआरसी. तिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं आणि आईची मजुरी बुडते म्हणून ती नाही म्हणते. मंडळाचा पैसा खर्चायचाच असेल तर तो त्या बुडलेल्या मजुरीत घाला. कंट्रोलवर महिन्यातून एकदा बायांबरोबर जावं. नकार मिळाला तर भांडू नये, तिथेच उभं राहून मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर किंवा रेशनच्या १४४४५ वर फोन लावावा आणि तक्रारीचा क्रमांक मोठ्याने वाचून वहीत उतरवावा.

पट्टी कशी लावायची ते शिकवायला मी कोणत्याही मंडळात यायला तयार आहे, दुपारी तीननंतर. पट्ट्या अंगणवाडीत मिळतात.

आणि पहिल्या भेटीला बिस्किटांचे पुडे नेऊ नका. सगळेच नेतात. मुलं जमतात, फोटो निघतो, त्या दिवशी ती दुपारचं जेवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही वही घेऊन गेलात की ती पुड्याची वाट बघत तुमच्या पिशवीकडे बघत बसतात. आईशी बोलणं राहून जातं. रिकाम्या हाताने जा, संध्याकाळी साडेसहाला, काम सुटल्यावर. चुलीपाशी बसायला सांगतील. बसा.

आपली नम्र,
एक निवृत्त पर्यवेक्षिका
सुदामानगर, इंदूर